गुरुवार दुपारपासून बंद

भूपाल पालथे झोपले होते आणि त्यांच्या पाठीतून दोन बारीक तारा बाहेर आल्या होत्या. शेजारी स्टुलावर यंत्राच्या कंपनीचा माणूस बसला होता, प्रसन्न नावाचा. हातातल्या टॅबवर बोट फिरवत त्यानं विचारलं, "आता कुठं मुंग्या येतात, सर?"

"मांडीत. मागच्या बाजूला."

"आता?"

"पोटरीत उतरलं." मग जरा थांबून ते म्हणाले, "आता तळव्यापर्यंत गेलं. बरोबर तिथंच, जिथं जळतं."

प्रसन्ननं डॉ. नाडगौडा मॅडमकडं बघून मान हलवली. मॅडमनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. दोघंही खूश दिसले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि नवऱ्याचा चेहरा बघत होते. तो उशीत अर्धा बुडाला होता. जो अर्धा दिसत होता त्यावरून मला एवढंच ठरवायचं होतं, की हा माणूस खरं बोलतोय का.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही जयसिंगपूरला राहत होतो, आताही तिथंच राहतो. भूपाल पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होते. शिरोळ तालुक्यातल्या गावागावांत मोटारसायकलवर फिरायचे, जनावरांना टोचायचे, अडलेल्या म्हशी सोडवायचे. त्याच्या आधी सहा वर्षं एका गोठ्यात बुजलेल्या म्हशीनं त्यांना खांबावर दाबलं. मणक्यातली गादी सरकली. मिरजेला ऑपरेशन झालं, वर्षानं दुसरं झालं. दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या फोटोंत सगळं व्यवस्थित होतं. मणका नीट, नस मोकळी. डाव्या पायाचं जळणं मात्र थांबलं नाही. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, मणक्यात इंजेक्शनं झाली, वाळव्याच्या वैद्यांचं तेलही झालं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. काटा हलला नाही म्हणजे तारेत करंट नाही, हे वीस वर्षं मुलांना दाखवत आले होते. भूपालच्या बाबतीत कुठलाच काटा हलत नव्हता. रिपोर्ट चांगले होते आणि माणूस पलंगावर होता. सुरुवातीला मी डॉक्टरांवर चिडायचे. मग कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, मी भूपालकडं बघायला लागले. लग्नकार्याला जायचं म्हटलं की यांचा पाय जास्त दुखतो, टीव्हीवर मॅच असली की चार तास बसवतं. पाहुणे आले की कण्हणं, पाहुणे गेले की पेपर. मी हे सगळं मनात मांडून ठेवत होते.

त्यातली एक गोष्ट मी कधीच विसरले नव्हते. मागच्या गल्लीतल्या पाटलांची गाय अडली होती. सरकारी डॉक्टर लांब होते म्हणून पाटील आमच्याकडं आले. ज्यांना घरात गॅसची टाकी सरकवता येत नव्हती ते भूपाल चप्पल न घालता निघाले. मी कॉलेजातून येताना बघितलं, तर हे गोठ्यात उकिडवे बसले होते, खांद्यापर्यंत हात आत, आणि दोन तास असेच होते. वासरू जिवंत निघालं. त्यानंतर आठ दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. मला मात्र ते दोन तासच लक्षात राहिले. आठ दिवस म्हणजे दोन तास झाकायची धडपड, असं मी धरून चालले.

डॉ. नाडगौडा कोल्हापूरच्या. फक्त जुनाट दुखणी बघायच्या. त्यांनी पहिल्या भेटीत तासभर ऐकून घेतलं आणि सांगितलं की ऑपरेशन नीट होऊनही काहींची नस दुखण्याचे निरोप पाठवतच राहते, फोटोत ते दिसत नाही. यावर मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या मागं तारा ठेवून हलका विद्युतप्रवाह द्यायचा, म्हणजे तो निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो. पण यंत्र कायमचं बसवण्याआधी आठवडाभर चाचणी घ्यायची. तारा आत, यंत्राची डबी बाहेर कमरेला चिकटवलेली. दुखणं निम्म्यानं कमी झालं तरच पुढं जायचं. नाही झालं तर तारा काढून टाकायच्या. मग उरतो तो मणक्यात थेंब थेंब औषध सोडणारा पंप, आणि त्यासाठी भूपालचं वय आणि प्रकृती बघता त्या फारशा उत्सुक नव्हत्या. म्हणजे जवळजवळ हाच शेवटचा उपाय होता.

त्या सोमवारी मुंग्या कुठवर जातात हे बघून झाल्यावर प्रसन्ननं यंत्र अशा पातळीवर लावलं की रुग्णाला काहीच जाणवू नये. मुंग्या नाहीत, थरथर नाही. परिणाम हळूहळू येईल, बंद केलं तरी तो काही तास रेंगाळेल, असं त्यानं सांगितलं. वाकायचं नाही, हात वर करायचे नाहीत, अंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं. रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा तक्त्यात लिहायचा. रिमोट माझ्याकडं दिला. मी तो घरी कपाटाच्या खालच्या खणात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी आकडा आठ होता. मंगळवारी सकाळी सहा, संध्याकाळी चार. बुधवारी तीन. बुधवारी ते कोपऱ्यावर जाऊन पेपर घेऊन आले आणि ओट्याशी उभं राहून माझ्याशी बोलत चहा प्यायले. उभं राहून चहा पिताना मी त्यांना सहा वर्षांत बघितलं नव्हतं. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, इतकं सोपं होतं तर.

त्या संध्याकाळी माझे भाऊ, अण्णा, आले. अण्णांचं औषधांचं दुकान आहे आणि औषधांवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी भूपालना चालताना बघितलं, कौतुक केलं आणि निघताना फाटकाशी मला सांगितलं की साखरेची गोळी देऊनही दहातल्या तिघांना बरं वाटतं, इथं तर पाठीत तारा घातल्यात, मोठ्या मॅडम आहेत, टॅबवाला माणूस आहे. बरं न वाटून जाईल कुठं? मग ते हळू आवाजात म्हणाले, "एकदा बंद करून बघ. त्यांना कळणारच नाही. तू तर प्रयोगशाळेतली."

मला हे स्वतःला सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. ज्याला काही जाणवत नाही त्याला बंद झाल्याचंही जाणवणार नाही. दुखणं खरं असेल तर आकडा वर जाईल. नसेल तर तीनच राहील. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात एक काटा आला होता.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. जेवून भूपाल आतल्या खोलीत कुशीवर झोपले. मी कपाटाचा खण उघडला, रिमोट घेतला, दारात उभी राहिले आणि बटण दाबून धरलं. पडद्यावर बंद झाल्याची खूण आली. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रिमोट परत ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले. 

संध्याकाळी ते अंग पुसून, शर्ट बदलून बाहेर आले. तक्त्यात तीन लिहिलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मशीन चालू आहे ना गं? बघ जरा."

मी आत गेले, खण उघडला, लावला, परत आले.

"चालू आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि मान डोलवली.

शुक्रवारी सकाळी तीन. मी तो आकडा दोनदा वाचला. रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण उठले तेव्हा डोळे लाल होते. उकडत होतं, ते म्हणाले. मलाही उकडलं होतं. दुपारी ते न्हाणीघरात बराच वेळ होते. चहा अर्धा कपात राहिला. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की तीनच आहे, छान आहे. संध्याकाळी परत तेच विचारलं, मशीन बघितलंस का. मी परत आत जाऊन आले आणि चालू असल्याचं सांगितलं. तीन.

माझ्या मनात आता काही शंका उरली नव्हती. उरलं होतं ते एवढंच, की हे कुणासमोर आणि कसं बाहेर काढायचं. एकट्यात बोलले असते तर त्यांनी नाकबूल केलं असतं. ठरवलं, सोमवारी डॉक्टरांसमोर. मॅडम आणि तो टॅबवाला, त्यांनाही ऐकू दे. मधूनमधून मला सहा वर्षं आठवायची. त्यांच्या पायाला तेल लावताना माझी बोटं दुखायची ती आठवायची. स्वतःसाठी काही न केलेले सगळे रविवार आठवायचे, आणि मी दात आवळायचे.

शनिवारी सकाळी भूपाल म्हणाले, बस्तीत जाऊन येऊ. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, घरापासून दहा मिनिटांवर. दोन वर्षं ते तिथं गेले नव्हते, कारण अकरा पायऱ्या आहेत. मी म्हटलं, झेपेल का? ते म्हणाले, "का नाही झेपणार? मशीन चालू आहे ना?"

चालू आहे, मी म्हणाले. तिसऱ्यांदा.

ते कठडा धरून पायऱ्या चढले. प्रत्येक पायरीवर थांबले आणि प्रत्येक पायरीवर मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला ते मिरवणं वाटलं. बघ, मी कसा चढतो. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, एप्रिल होता. वर पोचल्यावर ते खांबाला टेकून डोळे मिटून उभे राहिले. लोकांना वाटलं, दर्शनात तल्लीन झालेत. दोघातिघांनी मला सांगितलं, तुमचे मगदूम किती सुधारले. मी हसले आणि मनात म्हटलं, सोमवारी कळेल.

रविवारी ते कुठं गेले नाहीत. त्यांनी काही विचारलंही नाही. तक्त्यात तीन लिहिलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

सोमवारी मीच गाडी चालवत कोल्हापूरला घेऊन गेले. मॅडमनी तक्ता बघितला. खूश झाल्या. कायमचं यंत्र कधी बसवायचं त्याच्या तारखा बघू लागल्या. प्रसन्ननं कमरेची डबी टॅबला जोडली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं टॅब मॅडमपुढं धरला. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"हे गुरुवारी दुपारी दोन चाळीसला बंद झालंय," त्या म्हणाल्या. "त्यानंतर चालूच झालेलं नाही. रिमोटवरून बंद केलंय."

माझी वेळ आली होती. बोलायचं ते मी वाटेत चारदा जुळवलं होतं. मी म्हणाले, "मी बंद केलं, मॅडम. मुद्दाम. बंद असताना चार दिवस यांनी तीनच लिहिलंय. पायऱ्या चढलेत. याचा अर्थ काय तो तुम्हीच सांगा."

मॅडमनी टॅब खाली ठेवला. त्यांनी भूपालकडं बघितलं. मीही बघितलं. ते दचकतील, ओशाळतील, काहीतरी सावरून घेतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते टेबलावरच्या तक्त्याकडं बघत होते.

"मला गुरुवारीच कळलं," ते म्हणाले.

"कसं?" मॅडमनी विचारलं.

"शर्ट बदलताना. डबीवरचा दिवा लुकलुकत नव्हता. पहिल्यांदा वाटलं सेल संपला असेल. म्हणून हिला बघायला सांगितलं. ही बघून आली आणि चालू आहे म्हणाली." ते थांबले. "मग कळलं की सेल नाही."

"पण दुखत नव्हतं ना?" मॅडम म्हणाल्या.

"रात्रीपासून सुरू झालं. गुरुवारी रात्री सात. शुक्रवारी आठ. शनिवारी बस्तीच्या पायऱ्यांवर नऊ. काल साडेआठ धरा."

ते आकडे त्यांनी कुठंही न बघता सांगितले, गोठ्यातून आल्यावर जनावराचा ताप सांगायचे तसे. मॅडमनी तक्ता उचलून परत खाली ठेवला.

"मग तीन का लिहिलंत, मगदूम?"

भूपालनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"सहा वर्षं मला वाटायचं की हिला माझं दुखणं खरं वाटत नाही," ते मॅडमना म्हणाले, पण बघत माझ्याकडंच होते. "नुसतं वाटायचं. विचारायचा धीर नव्हता. हो म्हणाली असती तर पुढं काय करायचं? गुरुवारी ते आयतं समोर आलं. मग म्हटलं बघू, ही किती दिवस बंद ठेवते. वाटलं, शुक्रवारी सकाळी माझे डोळे बघून चालू करील. मग वाटलं, बस्तीतून आल्यावर तरी करील."

 प्रसन्न टॅब घेऊन हळूच बाहेर निघून गेला.

मला शुक्रवारचा अर्धा चहा आठवला. शनिवारचा घाम आठवला. पायरीपायरीवर मागं वळून बघणं आठवलं. सगळं मी बघितलं होतं. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. बघून मी दर वेळी दुसरंच काही लिहून ठेवलं होतं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, प्रयोग वाईट नव्हता. आम्हीही असे करतो. फक्त ज्याच्यावर करायचा त्याला आधी सांगतो." मग त्यांनी स्पष्ट सांगितलं की आता त्यांच्या हातात काहीच नाही. आठाचं तीन झालं ते धरायचं, की बंद असताना तीन राहिलं ते धरायचं? अशा कागदावर माणसाच्या पाठीत कायमचं यंत्र बसवता येत नाही. जखम तपासली, ती कोरडी होती. तारा आणखी तीन दिवस ठेवता येतील, त्यापेक्षा जास्त नाही. तीन दिवसांत खरे आकडे हवेत. दोघांकडूनही, असं म्हणताना त्यांनी आम्हा दोघांकडं बघितलं.

यंत्र परत सुरू केलं. रिमोट मॅडमनी या वेळी भूपालच्या हातात दिला.

परतताना ते मागच्या सीटवर उशीला टेकून बसले. मी गाडी चालवत होते. हातकणंगलं मागं पडलं. मला माफी मागायची होती. शेवटी मी विचारलं ते भलतंच. विचारलं, नक्की कसं दुखतं?

सहा वर्षांत मी किती दुखतं हे हजार वेळा विचारलं होतं. कसं ते विचारलं नव्हतं.  ते सांगायला लागले. नुकत्याच विरवलेल्या चुन्यात पाय घातल्यासारखं. पायमोजा घालावा आणि तो आतून पेटावा तसं. पहाटे पांघरुणाची घडी पायावर आली तरी कसं ओरडावंसं वाटतं. माणसांत जायला नको वाटायचं, कारण सगळे आधी चेहऱ्याकडं आणि मग पायाकडं बघायचे. मॅच लागली की बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ कुणी आपल्याकडं बघत नाही. वासराच्या दिवशी का गेलात, मी विचारलं. ते म्हणाले, गाय ओरडत होती आणि सगळ्यांना ते खरं वाटत होतं.

घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना त्यांनी रिमोट माझ्यापुढं धरला.

मी हात मागं घेतला. म्हटलं, तुमच्याकडंच राहू दे.

"खालच्या खणातलं मला वाकून काढता येत नाही," ते म्हणाले. मी तरी घेईना, तेव्हा त्यांनी तो माझ्या पर्समध्येच टाकला. "ठेव. आता बंद केलंस तर मी सांगेन."

तीन दिवसांचे आकडे सहा, चार, चार असे आले. मॅडमनी विचार करून होकार दिला. पुढच्या महिन्यात यंत्र आत बसलं, कमरेच्या जरा खाली, कातडीखाली, काड्यापेटीएवढं. दुखणं गेलं नाही, चारावर आलं. थंडीत सहा होतं. भूपाल गोठ्यांत परत गेले नाहीत, पण पंचायत समितीच्या कार्यालयात टेबलावरची नोकरी करून निवृत्त झाले. अण्णा अजूनही म्हणतात की हा सगळा मनाचा खेळ आहे. मी त्यांना उत्तर देत नाही. त्या चार दिवसांबद्दल आम्ही दोघं परत कधी बोललो नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. एखाद्या दिवशी ते माझ्याकडं बघतात तेव्हा वाटतं, हे अजून तपासतायत. मग तपासू देत, असं मी म्हणते.

यंत्र आठवड्यातून एकदा कमरेला पट्टा बांधून चार्ज करावं लागतं. ते काम माझं. मागच्या पौषात माझी धाकटी बहीण आजारी होती, त्या धावपळीत मी विसरले. एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना भूपाल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एक हात चौकटीवर होता.

"त्रिशला, बंद आहे बघ."

 मी वळले आणि घाईघाईनं म्हणाले, "मी नाही केलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "चार्ज संपलाय. नुसतं सांगायला आलो."